पिकअपवर छोटा सीबी अँटेना कुठं अन् कसा लावावा? (संत्र्याच्या गाड्या, डोंगरपट्टा)

संत्रावाला_वरुड

नमस्कार मंडळी. पयलेच सांगतो, मले रेडिओतलं काही समजत नाही, संत्र्यातलं थोडंफार समजते. आमचं वावर वरुडच्या वरतं सातपुड्याच्या पायथ्याले आहे, घर गावात, अन् मधातला पाच-सहा किलोमीटरचा पट्टा असा की मोबाईलवर एक कांडी दिसते पण फोन लावला का बाई म्हणते कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. दोन पिकअप अन् एक ट्रॅक्टर, तोडीच्या दिवसात तिन्ही गाड्या खालीवर चालू असतात. मागच्या आंबिया बहाराच्या तोडीले काय झालं, ट्रॅक्टर नाल्यात फसला, ओढाची साखळी होती पिकअपमधे, अन् पिकअप आत्ताच माल भरून मंडीच्या रस्त्याले लागली होती. पोट्टं गाडीच्या मागं धावत गेलं, काही उपेग नाही. दोन अडीच घंटे वीस मजूर झाडाखाली बसून. मजुरी तं द्यावीच लागली ना बावा.

म्हणून भाच्यानं नागपूरवरून तीन सीबी सेट, म्हणजे गाडी-गाडीत बोलाचे सिटिझन बँड रेडिओ, आणले, 12 व्होल्टचे, 40 चॅनलवाले. सेट आले पण अँटेना नाई आले. भाचा म्हणते नऊ फुटाचा दांडा लाव, त्याच्यासारखं काही नाही. आता मले सांगा, पिकअपची कॅबच सहा फुटाची, वरतं नऊ फूट म्हणजे झाले पंधरा फूट. आमच्या पांदण रस्त्यानं बाभळी दोन्हीकडून वाकलेल्या आहेत, गोडाऊनचं शटर वेगळंच, अन् वावराच्या फाटकावर 11 केव्हीची लाइन एवढी लोंबलेली आहे की ढेपाचं पोतं डोक्यावर घेतलेला माणूसही खाली वाकते. त्याच्यामुळं मले तीन फुटाच्या वर काही नको.

तं विचारायचं असं की मॅग्नेटवाला घ्यावा का भोक पाडून बसवाचा घ्यावा, कॅबच्या टपावर लावावा का कॅबच्या मागं जो गार्ड आहे त्याच्या पायपाले क्लॅम्प करावा का पुढच्या बंपरले. क्रेट भरले का माल कॅबच्या दीड-दोन फूट वर जाते हे ध्यानात ठेवजा. अन् ट्रॅक्टरचं काय करावं, त्याले टपच नाही. आणखी एक, पिकअप नवीन आहे, हप्ते चालू आहेत, टपाले भोक पाडलं तं बाबा मले घरात घेणार नाहीत.

ट्रकवाला_हिंगणघाट

भाऊ मी कापसाच्या गाठी नेतो, सीबी पाच वर्षांपासून वापरून रायलो, आमच्या चार गाड्यांत आहे. पयले गार्डचा विचार डोक्शातून काढ. मी तेच केलं होतं. गार्डच्या उभ्या पायपाले क्लॅम्प मारला, दिसाले लय भारी, पण अँटेनाची काडी पायपाच्या बाजूनं एक वीत अंतरावर उभी, त्याच्यामुळं मागची गाडी दीड किलोमीटरवर गेली का खरखर. मंग एका जाणत्यानं सांगितलं का काडीच्या बाजूले उभं लोखंड असलं का ते अर्ध खाऊन टाकते. काढला, टपाच्या मधात मॅग्नेट ठेवला, त्याच सेटनं त्याच गाडीसंग सहा किलोमीटर आरामात.

बंपरचं तं नावच घेऊ नको. गाडीचं सगळं धूड मधात येते, आवाज एका बाजूलेच जाते. अन् एखाद दिवशी गोऱ्हा येऊन धडकला का अँटेना गेला.

मॅग्नेट घे पण मोठा घे, पाच इंची बुडाचा. ते लहान लिंबाएवढे मॅग्नेट येतात ना, ते फांदी लागली का उडते अन् केबलवर लोंबकळत गाडीच्या पत्र्यावर टणटण वाजते, रंग जाते. केबल दरवाज्याच्या रबरातून आत घेतली तं खालच्या कोपऱ्यातून घे, बिजागरीच्या बाजूनं. माह्या पोरानं वरतून घेतली, दार आपटून आपटून केबलच्या आतली तार अन् जाळी एक झाली, सेट बोंबलला.

मोर्शीचा_पोट्टा

एवढी झंझट कायले? ते हातातले चिनी वॉकीटॉकी घ्या ना, ऑनलाईन भेटते दोन हजारात जोडी, अँटेना बिंटेना काही लागत नाही.

रेडिओकाका_अमरावती

मोर्शीकर, ते हातातले बहुतेक सेट व्हीएचएफ-यूएचएफवर, म्हणजे सीबीपेक्षा बऱ्याच वरच्या फ्रिक्वेन्सीवर चालतात आणि त्यांना लायसन्स लागतं. ऑनलाईन मिळतं म्हणून ते चालवायला परवानगी आहे असं होत नाही, 2025 मधे तर ई-कॉमर्सवाल्यांसाठी वॉकीटॉकीच्या विक्रीवर वेगळ्या गाईडलाईन्सच निघाल्या. त्या फ्रिक्वेन्सीच्या आसपास वनखातं आहे, पोलीस आहेत, तुमच्या तोडीच्या गप्पा त्यांच्या बोलण्यात घुसल्या तर चौकशीला पहिले तुम्हीच सापडाल. लायसन्सशिवाय चालणारे हातातले सेट पण आहेत, 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झवाले, पण त्यांची पॉवर अर्ध्या वॅटची, वावराच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यापर्यंत ठीक, डोंगराआड नाही.

संत्रावाले, तुमच्या प्रश्नाकडे येतो. मी दूरसंचारमधून रिटायर झालेला माणूस आहे, त्यामुळे लांबण लावणार, वाचायचं तर वाचा.

पहिले कायद्याचं. आपल्याकडे सीबीला लायसन्स लागत नाही, पण बँड 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झ एवढाच आहे आणि पॉवर 5 वॅटपर्यंत. तुमच्या भाच्यानं आणलेला 40 चॅनलवाला सेट अमेरिकन हिशोबाचा दिसतो. त्यात चॅनल 1 म्हणजे 26.965 आणि चॅनल 40 म्हणजे 27.405. आता बघा, चॅनल 27 येतो 27.275 वर, तो आत आहे. चॅनल 28 येतो 27.285 वर, तो बाहेर गेला. म्हणजे तुमच्यासाठी 1 ते 27, त्याच्या वरचं बटण फिरवायचंच नाही. ड्रायव्हर लोकांना हे सांगून ठेवा, नाहीतर हौसेनं 40 वर जातील. सेटच्या डब्यावर ईटीएचा, म्हणजे सरकारी उपकरण-मंजुरीचा, नंबर आहे का तेही भाच्याला विचारा.

आता अँटेना. 27 मेगाहर्ट्झची लाट साधारण 11 मीटरची. तिचा पाव भाग म्हणजे पावणेतीन मीटर, म्हणजेच भाच्याचा नऊ फुटी दांडा. भाचा चुकीचं सांगत नाही, फक्त त्याच्या घराच्या फाटकावर 11 केव्ही लोंबत नाही. तीन फुटी अँटेनात उरलेली लांबी तारेची गुंडाळी घालून भरून काढतात, तिला कॉइल म्हणतात. कॉइलमुळे सेटला वाटतं की समोर पूर्ण दांडा आहे, पण हवेत जाणारी शक्ती काही नऊ फुटाएवढी होत नाही, थोडी कॉइलमधेच गरम होऊन जाते. शिवाय छोटा अँटेना चिकट असतो, म्हणजे एका चॅनलवर जुळला की पाच-दहा चॅनल पलीकडे बिघडायला लागतो. तुम्हाला तिन्ही गाड्यांना एकच चॅनल लागणार, त्यामुळे तुम्हाला त्याचा त्रास नाही.

कॉइल कुठे आहे ते मात्र बघून घ्या. काही अँटेनात ती बुडाशी असते, जाडजूड डबी आणि वर बारीक तार. काहीत मधे, काहीत काडीभर गुंडाळलेली आणि वर दाट. तुमचे क्रेट कॅबच्या वर जातात, म्हणजे अँटेनाचा खालचा दीड-दोन फूट भाग मागून झाकला जाणार. बुडाशी कॉइल असलेल्या छोट्या अँटेनाचं बरंचसं काम खालीच होतं. तुमच्यासाठी मधे किंवा वर कॉइल असलेला बरा, फायबरच्या काडीवर तार गुंडाळलेला मिळतो, त्याला फांदी लागली तरी वाकून परत उभा राहतो.

आणि ब्रँडपेक्षा महत्त्वाचं, वर दिसते ती काडी म्हणजे अर्धाच अँटेना, उरलेला अर्धा म्हणजे गाडीचा पत्रा. टपाच्या मधोमध लावला की चारही बाजूंना पत्रा मिळतो. कोपऱ्यात लावला की ज्या दिशेला पत्रा जास्त त्या दिशेला आवाज जास्त जातो, उलट दिशेला कमी. पिकअपच्या कॅबचं टप छोटं आहे, त्यात गार्ड मागे चिकटून, म्हणून मधोमधपेक्षा चार-सहा इंच पुढे सरका. भोक पाडू नका, मॅग्नेट पत्र्याला न टेकता सुद्धा रंगातूनच काम करतो, दोन पत्रे जवळजवळ असले की या फ्रिक्वेन्सीला मधला रंग अडवत नाही. फक्त मॅग्नेटखाली जाड रबर किंवा पुठ्ठा घालू नका, अंतर वाढलं की पकडही जाते आणि कामही बिघडतं. आठ दिवसातून एकदा उचलून खालची धूळ पुसा, मॅग्नेटला लोखंडाचा कीस चिकटतो आणि तोच रंगावर रेघा ओढतो.

एसडब्ल्यूआर मीटर कुणाकडून तरी मिळवा, अँटेनाकडून किती शक्ती सेटकडे परत येते ते त्यावर कळतं. त्याशिवाय माईकचं बटण दाबू नका.

संत्रावाला_वरुड

काका लय उपकार. चॅनल 28 चं तं आम्हाले माहीतच नव्हतं, भाचा 33 वर 'गाणे ऐकून' पाहून रायला होता. मी मधी कॉइलवाला साडेतीन फुटी मॅग्नेटचा अँटेना मागवला, एकच, पयले एका गाडीवर पाहतो. त्याच्यासंग पाच मीटर केबल आहे. कॅबमधे तं दीड मीटरही नाही लागणार, बाकीची कापून टाकू का? अन् एसडब्ल्यूआर मीटर म्हणजे नेमकं काय पाहाचं असते, सोप्या भाषेत सांगा, मी बी.ए. आहो.

धामणगावची_ताई

भाऊ केबल कापू नका, कापली का टोकाची पिन परत बसवावी लागते अन् तिथंच सगळे मार खातात. माझं इलेक्ट्रॉनिक्स रिपेअरिंगचं दुकान आहे, गावातल्या मोटरपंपाच्या स्टार्टरपासून लग्नाच्या डीजेपर्यंत सगळं येते, सीबीही येतात अधूनमधून ट्रकवाल्यांचे. उरलेल्या केबलचा गोल वेटोळा करू नका, तिले फूटभर लांब आठच्या आकड्यासारखी दुमडा, सैल बांधा अन् सीटखाली ठेवा. पाच मीटरमधे काही विशेष वाया जात नाही या फ्रिक्वेन्सीवर.

मीटरचं असं आहे. सेट अन् अँटेनाच्या मधात मीटर लागते, दोन बाजूचे सॉकेट असतात, एकावर टीएक्स लिहिलेलं ते सेटकडं, दुसरं अँटेनाकडं. जोडाची तार छोटी पायजे, हातभर. गाडी मोकळ्या मैदानात उभी करा, टिनाच्या शेडखाली नाही, लाइनखाली तं बिलकुलच नाही, दारं बंद, बाजूले माणूस उभा नाही. बटण फॉरवर्डवर, माईक दाबा, घुंडी फिरवून काटा शेवटच्या रेघेवर आणा. मंग बटण रिफ्लेक्टवर टाकून काटा वाचा. झालं. माईक पाच सेकंदांच्यावर दाबून ठेवू नका.

दीड आला तं फक्त चार टक्के शक्ती परत येते, मस्त. दोन आला तं अकरा टक्के, चालते. तीन आला म्हणजे पंचवीस टक्के परत सेटमधे येऊन रायली, आतला आउटपुट ट्रान्झिस्टर गरम होते अन् एखाद दिवशी जाते. तीनच्या वर असला तं बोलूच नका.

तुम्ही चॅनल 1, 14 अन् 27 तिन्हीवर मोजा. 1 वर जास्त अन् 27 वर कमी तं अँटेना आखूड पडला, काडी थोडी वर ओढा. 27 वर जास्त तं लांब झाला, खाली दाबा. बहुतेकांच्या बुडाशी अॅलन स्क्रू असते, तो ढिला करून दोन-तीन मिलिमीटर सरकवा, परत मोजा. काडी कापाची पाळी आली तं मले विचारल्याशिवाय कापू नका. हे अँटेना 40 चॅनलच्या मध्यावर जुळवून येतात, अन् तुमचा मध्य खाली आहे, चॅनल 14 च्या जवळ, म्हणून तुमचा बहुतेक आखूडच निघते पाहजा.

अन् सेटची वायर सिगारेट लाइटरच्या पिनातून घेऊ नका, सरळ बॅटरीवरून दोन वायर आणा, लाल वायरले बॅटरीजवळच फ्यूज.

ट्रकवाला_हिंगणघाट

ताईनं बरोबर सांगितलं. माह्या मोठ्या गाडीत 24 व्होल्ट आहे, त्याच्यासाठी कन्व्हर्टर लागते, पयले सस्ता लावला होता, तो चालू केला का सेटमधे भुंग्यासारखी भुनभुन. सहा महिने मी अँटेनालेच शिव्या देत होतो. पिकअपले ते झंझट नाही, 12 च आहे. पण मोबाईलचं ते यूएसबी चार्जर काढून पाह, त्याची पण खरखर येते.

संत्रावाला_वरुड

मंडळी गडबड झाली. अँटेना आला, टपावर लावला, वरुडातल्या एका ओळखीच्या डीजेवाल्याकडून मीटर आणलं. गाडी गावाबाहेरच्या मैदानात नेली, ताईनं सांगितलं तसंच सगळं केलं. चॅनल 1 वर तीनच्या पार. 14 वर तीनच्या पार. 27 वर बी तेच. काटा लाल पट्ट्यात जाऊन चिकटून बसते. काडी वर ओढून पाह्यली, खाली दाबून पाह्यली, मॅग्नेट पुढं मागं केला, काटा जागचा हालत नाही. सोबतचा ड्रायव्हर म्हणते कापून पाहू का दोन इंच, त्याच्या हातातून पक्कड हिसकून घेतली. सेट गेला असं वाटते का? का अँटेनाच खराब? वापस पाठवू?

रेडिओकाका_अमरावती

काडी हलवूनही काटा हलत नाही आणि तिन्ही चॅनलवर सारखाच तीनच्या वर, म्हणजे हा लांबी-आखूडपणाचा खेळ नाही. कुठेतरी शॉर्ट आहे नाहीतर तुटलेलं आहे. ड्रायव्हरला पक्कड न दिल्याबद्दल तुम्हाला शंभरपैकी शंभर. टप खरंच लोखंडी आहे ना, मॅग्नेट घट्ट बसतो ना? बसत असेल तर केबल तपासा.

धामणगावची_ताई

मल्टिमीटर आहे का? नसला तं मोटर वाइंडिंगवाल्याकडं भेटते. बीपवाल्या सेटिंगवर ठेवा. केबल सेटमधून काढा. अँटेनाची काडी मॅग्नेटवरून फिरवून पूर्ण काढा, हे महत्त्वाचं आहे, कारण काही अँटेनात कॉइलच अशी असते का ती बरोबर असूनही मीटर शॉर्ट दाखवते अन् माणूस चांगला अँटेना वापस करते. काडी काढली का पिनच्या मधातली टोक अन् बाहेरचं फिरणारं कव्हर, याच्यात बीप वाजली नाही पायजे. मंग मधातली टोक अन् मॅग्नेटवरचा स्क्रू, इथं बीप वाजली पायजे. दोन्ही पाहून सांगा. केबल हातानं हलवत हलवत पाहजा, जिथं हलवल्यावर बीप बदलते तिथं आजार.

संत्रावाला_वरुड

ताई पकडलं!! काडी काढली, पिनचा मधला अन् बाहेरचा, सरळ बीईईप. केबल सगळी हलवून पाह्यली, काही फरक नाही, पण पिनजवळची तीन-चार इंच वाकवली का बीप बंद, सोडली का चालू. पिनचं बाहेरचं कव्हर फिरवून मागं सरकवलं तं आत एक केसाएवढी तार. जाळीची एकच तार बाहेर निघून मधल्या डाखाले चिकटलेली होती. चष्म्याशिवाय तं दिसलीच नसती, बायकोनं दाखवली, तिले सुईत दोरा टाकाची सवय. नवीन वस्तू होती राजेहो, पाकिटातून काढलेली. नखानं काढली अन् नेलकटरनं कापली.

परत मैदानात गेलो. चॅनल 1 वर 1.9, 14 वर 1.6, 27 वर 1.3. आता ताईच्या हिशोबानं आखूड आहे म्हणून काडी तीन मिलिमीटर वर, परत मोजलं, परत तीन वर. शेवटी 1 वर 1.5, 14 वर 1.2, 27 वर 1.5 असं आलं. थांबलो. आम्ही 14 च ठरवला.

दुसऱ्या गाडीले तसाच अँटेना मागवला अन् काल संध्याकाळी दोन्ही गाड्या काढल्या. वावरातून घरापर्यंतचा पट्टा पूर्ण मिळाला, मधात नाल्याच्या उताराले थोडा आवाज बसते पण समजते. मंडीच्या रस्त्यानं गाडी सात किलोमीटर गेल्यावर ड्रायव्हर म्हणे 'मालक, चहा प्याले थांबू का', ते स्पष्ट आलं. क्रेट भरलेली गाडी अजून पाह्याची आहे. अन् काल दुपारी एक आवाज आला कोण जाणे कोणत्या भाषेत, एकदम साफ, पाच मिनिटांनी गायब, ड्रायव्हर घाबरला.

रेडिओकाका_अमरावती

ते स्किप. वरच्या वातावरणाच्या थरावरून परावर्तन होऊन हजारो किलोमीटरवरचे आवाज येतात, सूर्यावर डाग जास्त असले की जास्त. घाबरायचं कारण नाही, उत्तरही द्यायचं नाही, तुमच्या 5 वॅटचा हेतू तोडीचा आहे. भाच्याला सांगा ते 33 चं गाणं पण तसलंच काही असणार.

ट्रॅक्टरबद्दल कुणी बोललं नाही म्हणून मी सांगतो. ट्रॅक्टरला बॉनेट हाच सगळ्यात मोठा पत्रा, पण त्यावर लावू नका, बॉनेट रबरी पट्ट्यांवर बसलेलं असतं, चेसिसशी त्याचा विद्युत संबंध नावापुरताच, आणि इंजिनाच्या उष्णतेत मॅग्नेटची केबल करपते. मडगार्डवर मागच्या बाजूला, ड्रायव्हरच्या खांद्यापासून जेवढं दूर जाईल तेवढं. बोलताना कुणी काडीला हात लावला तर बोट चटकतं, आणि काडीचं टोक डोळ्याच्या उंचीवर येतं ते तर जास्तच वाईट. टोकाला रबरी बोंडी आहे ना ती काढू नका. मडगार्डचा पत्रा चेसिसशी नीट जोडला जावा म्हणून त्याचा बोल्ट घासून चेसिसवरून तांब्याची पट्टीजाळी आणा.

डिझेल गाडीत स्पार्क प्लग नसतात त्यामुळे तुम्हाला टकटक कमी येईल, आली तर डायनामोची शिट्टी येईल, एक्सिलेटरबरोबर वर-खाली होणारी.

ट्रकवाला_हिंगणघाट

पावसाळ्याच्या आधीचं बोलून ठेवतो. आपल्या इकडं वैशाखात ढग आले का वीज कशी पडते ते सांगाची गरज नाही. मोकळ्या वावरात ट्रॅक्टरवर काडी उभी करून बसू नका. कडाडलं का माईक ठेवा, केबल सेटमधून काढा, ट्रॅक्टरवरून उतरा, घरात नाहीतर पिकअपच्या कॅबमधे काच बंद करून बसा, झाडाखाली नाही. दामिनी अॅप आहे ना मोबाईलवर ते पाहत जा, रेंज असेल तेव्हा.

मोर्शीचा_पोट्टा

भौ मी ते चिनी वाले वापस केले, पैसे आले. आमच्याकडं पण दोन गाड्या आहेत. तुम्ही अँटेना किती उंच म्हटला, साडेतीन फूट? आमच्या फाटकाले पण लाइन आहे.

संत्रावाला_वरुड

साडेतीन फूट म्हणजे टपापासून वरतं, कॅब सहा धरली तं साडेनऊ. पण क्रेट लावल्यावर माल आठच्या आसपास जाते, म्हणजे लाइनले धोका अँटेनाचाच जास्त. मी वायरमनले अर्ज देऊन आलो का लाइन ओढा म्हणून, तोवर ड्रायव्हरले सांगून ठेवलं, फाटकाजवळ थांबाचं, उतराचं, मॅग्नेट उचलून सीटवर ठेवाचा, गाडी आत घ्याची, मंग परत टपावर. कटकट करते तो, पण करते. उचलताना वर पाहून उचल, हातात धरून काडी उभी नको करू, आडवी धर, एवढं रोज सांगतो.

ट्रॅक्टरचं मडगार्ड उद्या घासतो. ताई, ती तांब्याची जाळी तुमच्याकडं भेटते का, किती इंची घ्यावी? धामणगावले परवा येणं आहे माझं, बाकी तुमच्यासाठी संत्र्याचा एक क्रेट आणतो, मृग बहाराचा आहे, थोडा आंबट आहे पण रसासाठी चांगला.

धामणगावची_ताई

भेटते, अर्धा इंची घ्या, फूटभर लागते. दोन्ही टोकाले रिंग लग दाबून देते. येताना तो खराब पिनवाला पीस पण आणा, मी नीट डाख मारून देते, नखानं काढलेली तार दुसऱ्या बाजूनं परत निघते. दुकान एक ते तीन बंद असते जेवणाले.